स्वयंपाकघरातला प्लग चटका बसेल इतका तापतो, पण एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा खटका) पडत नाही. धोका नेमका कुठे आहे?

लालबाग_दुसरा_मजला

नमस्कार मंडळी. लालबागमधली जुनी इमारत, दोन खोल्यांची जागा. सहा फुटी ओटा, त्याच्या वरच्या भिंतीत 16 अँपिअरचा एक पॉइंट आणि 6 अँपिअरचे दोन. उपकरणांच्या मागच्या पाटीवरून उतरवलेले आकडे असे: इंडक्शन 2000 वॅट, किटली 1500, साधा मायक्रोवेव्ह 1200, मिक्सर 750. शिवाय 190 लिटरचा फ्रिज.

16 च्या पॉइंटला मल्टिप्लग लावून त्यात इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह आहेत. किटलीची जाड पिन कन्व्हर्टर लावून 6 च्या पॉइंटमध्ये घातलेली आहे. इंडक्शन वीसेक मिनिटं चाललं की मल्टिप्लगला हात लावता येत नाही. बोर्डाच्या पांढऱ्या प्लेटवर भोकांभोवती तपकिरी डाग पडलाय आणि अधूनमधून शिळ्या मासळीसारखा वास येतो.

अख्ख्या घराला मिळून 32 अँपिअरचा एकच एमसीबी आणि एक आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पडणारा खटका (40 अँपिअर, 30 मिलिअँपिअर), आहे. दोन्हींपैकी काहीच कधी पडत नाही. वायरिंग तीसेक वर्षांपूर्वीचं, ओट्याची वायर 1.5 चौरस मिमीची दिसते. माझे प्रश्न: एमसीबी पडत नाही म्हणजे भार मर्यादेत आहे असं धरायचं का? सॉकेट बदलून काम भागेल का? आणि ओट्याजवळ कोणता अग्निशामक ठेवावा?

---

तारजोडणी

पहिलं काम आजच करा. मल्टिप्लग आणि कन्व्हर्टर दोन्ही काढून टाका आणि तो पॉइंट दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. तपकिरी डाग आणि वास ही सुरुवातीची नाही, बरीच पुढची पायरी आहे. सॉकेटचं कडक प्लास्टिक प्रमाणाबाहेर तापलं की त्यातून नेमका मासळीसारखा, थोडा अमोनियासारखा वास सुटतो. आपल्याकडे तो खालच्या बाजारातून आला असेल म्हणून सोडून दिला जातो. वास बोर्डाजवळ नाक नेल्यावर वाढत असेल, तर तो बाजारातला नाही.

आता एमसीबी का पडत नाही ते. एमसीबी फक्त किती करंट जातोय एवढंच पाहतो. सैल झालेल्या जोडात करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. 2000 वॅटचं इंडक्शन 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर घेतं. पिन आणि सॉकेटच्या आतली पितळी पट्टी यांच्यात समजा अर्धा ओहम रोध (करंटला अडथळा) तयार झाला, तर तेवढ्या एका ठिकाणी 8.7 गुणिले 8.7 गुणिले 0.5, म्हणजे जवळपास 38 वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्तीची साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. त्याहून तापलेली वस्तू प्लास्टिकच्या डबीत बंद करून ठेवल्यासारखं आहे हे. एमसीबीच्या दृष्टीने मात्र 8.7 अँपिअर चालू आहेत आणि सगळं ठीक आहे. आरसीसीबीलाही काही कळत नाही, कारण तो जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का एवढंच तपासतो.

हा दोष स्वतःच वाढत जातो. पट्टी तापली की तिचा ताण जातो, पकड आणखी ढिली होते, तांब्या-पितळेवर काळा थर चढतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत हे चक्र लवकर सुरू होतं. मल्टिप्लगमुळे जोडांची संख्या दुप्पट होते: भिंतीतलं सॉकेट ते मल्टिप्लग एक, मल्टिप्लग ते तुमचा प्लग दुसरा. शिवाय त्याच्या वजनाने पिना सतत खाली ओढल्या जातात.

कन्व्हर्टरचं दुखणं वेगळं. 6 अँपिअरच्या प्लगची पिन सुमारे 5 मिमी जाडीची, 16 ची सुमारे 7 मिमी. ही जाडी मुद्दाम वेगळी ठेवली आहे, म्हणजे जास्त भाराचं उपकरण कमी ताकदीच्या पॉइंटमध्ये जाऊच नये. 1500 वॅटची किटली 6.5 अँपिअर घेते. कन्व्हर्टर लावून आपण तो अडसरच काढून टाकतो.

तुमच्या घरातला सर्वांत गंभीर दोष मात्र तो 32 चा एमसीबी आहे. एमसीबी वायरीच्या ताकदीवरून निवडायचा असतो, उपकरणांच्या संख्येवरून नाही. पाइपातून गेलेली 1.5 चौरस मिमीची तांब्याची वायर साधारण 13-14 अँपिअरची धरा, 2.5 ची 18-20, 4 ची 24-26. तुमचं इंडक्शन, किटली आणि मायक्रोवेव्ह एकदम चालले तर 4700 वॅट, म्हणजे 20 अँपिअरच्या वर. 32 चा एमसीबी 36 अँपिअरपर्यंत न पडता राहू शकतो, कारण 1.13 पटीपर्यंत त्याने टिकायचं असं प्रमाणच आहे. 1.45 पटीला, म्हणजे 46 अँपिअरला, तो तासाभरात पडला तरी नियमात बसतो. तोवर 70 अंशांसाठी बनवलेलं पीव्हीसी आवरण भिंतीच्या आत शिजत राहतं.

म्हणून 1.5 च्या वायरीवर 10 चा, 2.5 वर 16 चा आणि 4 वर 20 चा एमसीबी, प्रत्येक लाइनला वेगळा. काही घरांत अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत आणि त्यात तार वितळते म्हणून दुहेरी-तिहेरी पिळून घातलेली दिसते. त्याचाही दोष हाच.

---

ओटा_ते_माळा

वरच्या प्रतिसादात सॉकेट कसं बदलायचं ते राहिलं. ते लिहिते, कारण नवीन सॉकेट महिन्याभरात पुन्हा काळं पडलं अशी तक्रार फार ऐकू येते.

मेन बंद करून, टेस्टरने तपासून मगच प्लेट उघडायची. एकदा तापलेल्या वायरीचं टोक काळपट आणि ठिसूळ झालेलं असतं. तेच टोक नव्या स्क्रूखाली दाबलं तर रोध तसाच राहतो. चकचकीत तांबं दिसेपर्यंत, साधारण इंच-दीड इंच, वायर कापून मागे यायचं. मागे यायला वायर उरली नसेल तर बोर्डात टेप गुंडाळून जोड मारू नये, नवी वायर ओढावी. अनेक तारांची वायर असेल तर टोकाला योग्य मापाचं पिन-थिंबल (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) दाबून बसवायचं. सगळ्या तारा आत गेल्या पाहिजेत, चार तारा कापून बारीक केलेलं टोक चालत नाही. स्क्रूखाली आवरण अडकलेलं नको. टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाबू नका, सोल्डर हळूहळू दबतं आणि जोड सैल होतो.

आणि सॉकेटबरोबर उपकरणाचा प्लगसुद्धा बदला. काळवंडलेली, खड्डे पडलेली पिन चांगल्या सॉकेटच्या पट्टीची वाट लावते. साच्यात बसवलेला बंद प्लग असेल तर कापून आयएसआय खुणेचा 16 अँपिअरचा उघडता येणारा प्लग बसवून घ्या. हिरवी वायर वरच्या जाड पिनेलाच जाते आहे ना, ते डोळ्यांनी पाहा.

एक साधी तपासणी नेहमीसाठी: उपकरण अर्धा तास चालवा, बंद करा, प्लग काढून लगेच पिनांच्या जवळच्या प्लास्टिकला बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. कोमट असेल तर चालेल. बोट ठेववत नसेल तर जोड खराब आहे. सहा भोकांच्या एकत्रित सॉकेटमध्ये बारीक पिनेचा प्लग हलतो, तिथे मिक्सरपेक्षा जास्त भाराचं काही लावू नका.

बोर्डाची जागाही पाहा. शेगडीच्या थेट वर बोर्ड असेल तर कुकरची वाफ आणि फोडणीचं तेल थेट आत जातं. तेलकट थरावर पिठाची धूळ बसते, ओलसर झाली की त्यावरून करंट झिरपतो आणि कोळशाची रेघ तयार होते. पाण्याच्या प्युरिफायरच्या खाली बोर्ड असणं तर फारच वाईट. त्याच्या नळीचा जोड कधी ना कधी गळतो.

---

उपकरणदुरुस्ती

वायरिंगचं वर आलंच आहे. यंत्रांच्या आत काय बिघडतं ते थोडक्यात.

मायक्रोवेव्हच्या आतल्या उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा एक चौकोन असतो, तो अभ्रकाचा पत्रा. त्यावर तूप-तेलाचे शिंतोडे बसले की ते जळून कोळसा होतात आणि तिथेच ठिणग्या उडू लागतात. दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. काळं भोक पडलं असेल तर वापर थांबवून पत्रा बदलून घ्या, तो कापून बसवता येतो. मायक्रोवेव्हच्या मागे व बाजूंना किमान 10 सेंटिमीटर आणि वर 20 ते 30 सेंटिमीटर मोकळं हवं. त्यावर डब्यांची रास आणि प्लास्टिकचं झाकण-कव्हर ठेवून तो चालवणं बंद करा. आत आग दिसली तर दार उघडू नका. मेन किंवा भिंतीवरचा खटका बंद करा आणि दार बंदच ठेवा, हवा न मिळाल्याने ती विझते.

इंडक्शनमध्ये दोन गोष्टी. त्याच्या खालच्या जाळीतून पंखा हवा ओढतो, त्यामुळे वर्तमानपत्रावर किंवा टेबलक्लॉथवर ते ठेवायचं नाही. आत ऊब असते म्हणून झुरळं जमतात आणि त्यांच्यामुळे सर्किट शॉर्ट होतं, म्हणून रात्री प्लग काढून ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: तापमान मोजणारा सेन्सर काचेच्या मधोमध खाली असतो. गोल बुडाची कढई काचेला नीट टेकत नाही, सेन्सरला तेल थंडच वाटतं आणि 2000 वॅट चालूच राहतात. वाटीभर तेलाला धूर सुटायला मग फार वेळ लागत नाही. तळणीसाठी सपाट बुडाचंच भांडं घ्या.

फ्रिज: नव्या घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक आर-600ए वायू असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आणि तो ज्वलनशील आहे. फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडलं तर वायू बाहेर येतो. मागे कॉम्प्रेसरजवळ धूळ, उंदरांनी ओढून आणलेले कागद आणि कुरतडलेली वायर, हे सगळं दर सहा महिन्यांनी फ्रिज पुढे ओढून पाहा. त्याला एक्स्टेंशन बोर्ड लावू नका. बाजारातल्या बहुतेक एक्स्टेंशनची वायर बारीक असते आणि फ्रिजमागे ती कुणाच्या नजरेस पडत नाही.

किटलीचा कट-ऑफ झाकण नीट लागलं तरच काम करतो, कारण वाफ त्याच्यापर्यंत पोचावी लागते. झाकण उघडं ठेवून पाणी उकळू नका.

---

लालबाग_दुसरा_मजला

खूप आभार. मल्टिप्लग आणि कन्व्हर्टर काढले. प्लेट उघडून पाहिली तर आत येणारी वायर पांढरट, अॅल्युमिनियमची निघाली. 1.5 ची तांब्याची वायर फक्त बोर्डात वळवून जोडलेली आहे आणि जोडावर काळी टेप आहे. म्हणजे आता पूर्ण वायरिंगच बदलायचं का?

---

तारजोडणी

स्वयंपाकघरापुरतं तरी हो, आणि ते पहिलं. अॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर येतो आणि तो वीज वाहू देत नाही. शिवाय ते मऊ असल्याने स्क्रूखाली दबत जातं. तांब्याशी नुसतं पिळून जोडलं की दमट हवेत दोन धातूंच्या संगतीने तो जोड गंजतो. टेपने हे काही थांबत नाही. तो जोड तुमच्या भिंतीतल्या बाकी सगळ्या बोर्डांतही असणार असं समजून चाला.

वायरमनला काम सांगताना मोजून सांगा. मुख्य बोर्डापासून ओट्यापर्यंत दोन स्वतंत्र पॉवर लाइन, 4 चौरस मिमी तांब्याच्या, प्रत्येकीला 20 चा एमसीबी आणि एकच 16 अँपिअरचा पॉइंट. एकीवर इंडक्शन, दुसरीवर किटली किंवा मायक्रोवेव्ह, एका वेळी एक. फ्रिजला तिसरी, 2.5 ची, 16 च्या एमसीबीवर. मिक्सर आणि प्युरिफायर 6 च्या पॉइंटवर. अर्थिंगची हिरवी वायर सगळीकडे नवी. वायर एफआर (आग सहज न पसरवणारी) किंवा एफआरएलएस खुणेची घ्या. एफआरएलएस जळताना धूर कमी देते, आणि बंद खोलीत माणूस ज्वाळेच्या आधी धुराने कोसळतो. जुन्या पाइपात उंदरांनी घरं केली असतील तर वरून केसिंग-कॅपिंग पट्टीतून नेलेलं परवडतं, बदल दिसतो आणि तपासता येतो.

आरसीसीबी ठेवाच. जुलैत भिंती ओल्या झाल्या की तो पडू लागतो आणि त्याला बायपास करून देणारा माणूस लगेच मिळतो. तसं करू देऊ नका. तो पडतोय म्हणजे कुठेतरी खरोखर गळती आहे, एकेक एमसीबी खाली करून कोणत्या लाइनवर पडतो ते शोधायचं. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा, न पडल्यास तो बदलायचा.

काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो कमी असेल तर बेस्टकडे वाढवून घ्यायचा अर्ज करा. नाहीतर घरात जाड वायर आणि मीटरपासून वर येणारी बारीक, असं होतं.

---

लाल_बादली

अग्निशामकाचं कुणी लिहिलं नाही. आयएसआय खुणेचा 2 किलोचा एबीसी (घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही आगींसाठीच्या) पावडरचा घ्या, शेगडीशेजारी नाही तर दाराजवळ टांगा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते दर महिन्याला पाहा. विजेच्या आगीवरही चालतो. फवारा दहाएक सेकंदच टिकतो, म्हणून ज्वाळेच्या बुडाशी मारायचा.

---

ओटा_ते_माळा

थोडी असहमती. उपकरण किंवा बोर्ड पेटला असेल तर एबीसी बरोबर आहे, तोही मेन बंद केल्यावर. पण कढईतल्या तेलावर जवळून मारला तर त्याच्या जोराने पेटतं तेल ओटाभर उडतं, आणि पावडर तेलाला थंड करत नाही, त्यामुळे पुन्हा भडका होऊ शकतो. तेलाची आग हा वेगळा प्रकार आहे. तेल साधारण 350 अंशांच्या आसपास, वरून ज्वाळा न लागताही स्वतःच पेट घेतं. त्याआधी ते बराच वेळ निळसर धूर देतं. धूर दिसला की गॅस बंद, एवढं घरातल्या लहानथोरांना माहीत हवं.

पेटलं तर: गॅस किंवा इंडक्शनचा खटका बंद करा. हात पोचत नसेल तर पाइप गॅसचा भिंतीवरचा व्हॉल्व्ह पाइपाला आडवा करा. कढईपेक्षा मोठं धातूचं झाकण किंवा परात कडेने सरकवत वर आणा, वरून आपटू नका. मग ती कढई तशीच किमान अर्धा तास राहू द्या, लवकर झाकण काढलं तर हवा मिळून पुन्हा पेटते. कढई उचलून मोरीकडे नेणं हा सर्वांत घातक प्रकार. पाणी अजिबात नाही: ते जड म्हणून तेलाखाली जातं, तिथे क्षणात वाफ होऊन सुमारे 1700 पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत फेकतं. टपटप गळणारं ओलं फडकंही त्याच कारणाने नको. पीठ, बेसन टाकू नका, ते स्वतः भडकतं. झाकण ओट्यावर हाताशी असावं, माळ्यावर नाही. त्याच्या जोडीला एक फायर ब्लँकेट, साधारण मीटरभर लांब-रुंद, शेगडीपासून दोन हात दूर अडकवा.

चिमणी बसवायचा विचार असेल तर शेगडीपासून 65 ते 75 सेंटिमीटर उंचीवर. तळण नेहमीचं असेल तर बॅफल फिल्टर दर पंधरा दिवसांनी गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यात भिजवून धुवा. ऑटोक्लीन लिहिलेल्या चिमणीतली तेलाची वाटीसुद्धा हातानेच रिकामी करावी लागते. फोडणीचा जाळ फिल्टरमध्ये साचलेल्या तेलाला लागला आणि पंखा चालू असला, तर तो जाळ नळीत ओढला जातो. अशा वेळी आधी चिमणी बंद करायची.

---

सोसायटी_सचिव

इमारतीच्या बाजूने दोन गोष्टी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणेची तपासणी करून जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) द्यायचा असतो. पण त्यात तुमच्या ओट्यामागची वायर कुणी तपासत नाही, ती जबाबदारी घरमालकाची. मीटरच्या खोलीत मात्र एकदा सगळ्यांनी मिळून पाहा. तिथला न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) सैल झाला तर काही घरांत 230 ऐवजी 300 च्या वर व्होल्ट जातात आणि एकाच वेळी अनेक फ्रिज जळतात. दिवे अचानक फार प्रखर किंवा फार मंद झाले तर लगेच मेन बंद करून कळवा.

दुसरं, जिना आणि गॅलरीतली कपाटं, सायकली, रद्दी. दोन खोल्यांच्या जागेला दार एकच असतं आणि ते बहुधा स्वयंपाकघराजवळ. खिडकीच्या लोखंडी जाळीला आतून उघडणारी झडप करून घ्या, तिच्या कुलपाची किल्ली खिडकीजवळच टांगा. आग झाकणाने किंवा एका अग्निशामकाने आटोक्यात येत नसेल तर बाहेर पडा, दार मागे ओढून घ्या आणि बाहेरून 101 लावा. सिलिंडर गळत असेल तर 1906.

---

लालबाग_दुसरा_मजला

गॅस पाइपाचा आहे. वायू ओळखणारा अलार्म ओट्याखाली बसवायचा होता, ती जागा बरोबर का? वायरिंगचं काम सोमवारी सुरू होतंय, तोवर फक्त फ्रिज चालू ठेवतोय, 6 च्या वेगळ्या पॉइंटवर.

---

उपकरणदुरुस्ती

पाइपाचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. त्यामुळे अलार्म छतापासून वीतभर खाली बसवा, पण थेट शेगडीच्या वर नको. ओट्याखाली बसवायचा तो सिलिंडरवाल्यांनी, कारण एलपीजी जड असतो आणि जमिनीलगत साचतो. घेताना पेटीवर मिथेन लिहिलंय ते पाहा. फ्रिज ज्या पॉइंटवर आहे त्याची प्लेटही उघडून पाहून घ्या. तिथेही तोच अॅल्युमिनियमचा जोड असेल, तर सोमवारपर्यंत दिवसातून दोनदा प्लगला हात लावून पाहत जा.